सोडलेलं पाणी

"ये की गं आत! हितं काय मगर बसलीया व्हय तुला गिळायला?"

माझे सासरे डोहात कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून हाका मारत होते आणि मी काठाच्या वाळूत पाय रोवून उभी होते. त्यांच्या हातात दोन वाळलेले दुधी भोपळे होते, काथ्याच्या दोरीनं एकमेकांना बांधलेले. आमच्यात त्याला सांगड म्हणतात. ती छातीखाली घेतली की माणूस बुडत नाही, हे भोयाच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. मी भोयांची सून होते खरी, पण लेक माळावरची. माझ्या माहेरी पाणी बघायचं तर आडात वाकून बघायचं. गुडघा बुडेल एवढं पाणी एका जागी साठलेलं मी लग्न होऊन भीमेकाठी आले तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं, आणि तेव्हापासून त्याच्याकडे पाठ करून बसायची माझी हिंमत झाली नव्हती.

"मामा, मला न्हाई शिकायचं. काय अडलंय माझं?"

"अडलं म्हंजे मग कोण शिकवायला येतंय? नदीच्या घरात नांदतीस आन् नदीला भितीस. माणसं हासत्यात मला."

माणसं हसायचीच. भोईवाड्यातल्या बायका मला "वाळली सून" म्हणायच्या. सगळ्यांत जास्त हसायचे ते मामा स्वतः. त्यांचं नाव गेनबा, उजवा गुडघा कधीतरी होडीखाली सापडून ताठ झालेला, पण पाण्यात उतरले की तो पाय त्यांना आठवायचाही नाही. त्या दिवशी सकाळी त्यांनी मला दंडाला धरून आत ओढलंच. छातीपर्यंत पाणी आलं आणि मी डोळे गच्च मिटले. सांगड छातीखाली सरकवून ते म्हणाले, "पाण्याशी भांडू नगं. ते जिकडं नेतंय तिकडं जायाचं, आन् जाता जाता पाय मारत कडंकडंला सरकायचं. बास, एवढंच पव्हणं."

मी दोन-चारदा पाय झाडले, नाकात पाणी गेलं, आणि किंचाळत जी बाहेर आले ती थेट खोपीपाशी जाऊन थांबले. मामा डोहात उभे राहून पोट धरून हसत होते.

आमची खोप नदीच्या पात्रातच होती. चैत्र निम्मा सरला होता. उन्हाळ्यात नदी आटली की भोयांची घरं पात्रात उतरतात आणि वाळूत आळी खणून कलिंगडाचे वेल लावतात. आमच्याकडे त्याला वाडी म्हणतात. ज्याची त्याची जागा बापजाद्यांपासून ठरलेली असते. त्या वर्षी नदी इतकी आत गेली होती की म्हाताऱ्यांनीही तळ एवढा उघडा पाहिला नव्हता. पलीकडच्या कडेला एक डोह तेवढा उरला होता. ओल खाली खाली पळाली तशी माणसंही तिच्यामागे खाली गेली, आणि आमची वाडी पात्राच्या अगदी मधोमध आली. तिथे वाळूचा एक उंचवटा होता, त्यावर खोप. खोपीच्या आणि आमच्या काठाच्या मध्ये मामांनी आणि माझ्या मालकांनी मिळून एक चारी खणलेली होती, माणूस उतरला तर खांद्यापर्यंत आत जाईल अशी. वरच्या अंगाला जो काही झिरा होता त्याचं पाणी त्या चारीतून वेलांपर्यंत आणायचं, हा बेत. झिराच आटला आणि चारी कोरडी पडली. तिच्यावर एक फळी टाकली होती. काठावर जायचं तर त्या फळीवरून. वेलांना पाणी आम्ही डोहातून घागरीनं वाहायचो, आणि तरी पानं दुपारी माना टाकायची.

त्या दिवशी गावात लग्न होतं. भोईवाडा सगळा तिकडे. सासूबाई पहाटेच स्वयंपाकाला गेल्या होत्या, मालक पहिल्या तोडीची कलिंगडं घेऊन बाजाराला. माझी नणंद फुला बाळंतपणाला आलेली, ती नवरीची मैत्रीण. चार महिन्यांची पोर माझ्या ओटीत टाकून म्हणाली, "वैनी, दुपारच्याला येतीच. उन्हात कुठं नाचवू हिला? निजू दे हितं सावलीला." पोरीचं नाव सारिका. खोपीत झोळी बांधली होती, तिच्यात ती झोपलेली. मामा लग्नाला गेले नव्हते. त्यांचा जीव वेलांत अडकलेला, आणि कान दुसरीकडेच.

दुसरीकडे म्हणजे वरच्या अंगाला. खालच्या शहराला प्यायला पाणी उरलं नव्हतं म्हणून वरच्या धरणातून पाणी सोडलंय, अशी दवंडी गावात येऊन गेली होती. पात्रातून माणसं-जनावरं बाहेर काढा, असंही सांगितलं होतं. ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. दरवर्षी उन्हाळ्यात असं पाणी सुटायचं आणि आमच्यापर्यंत येईतो त्याचा करंगळीएवढा धागा उरायचा. "वाळूच पिऊन टाकती समदं," मामा म्हणायचे. उलट सगळे त्या धाग्याची वाट पाहत होते. तो आला की चारीत वळवायचा, म्हणजे वेल तरले. वरच्या गावांच्या हद्दीतली वाळू त्या दोन-तीन वर्षांत ट्रकांनी उपसून नेली होती आणि तिथे नुसती खडकाळ घट्ट जमीन उरली होती, हे आम्हाला माहीत होतं. रोज ते ट्रक बघत होतो की. पण वाळू गेली म्हणजे पाणी पिणारंच कुणी राहिलं नाही, हा हिशेब कुणाच्याही डोक्यात आला नाही.

डोहातून येऊन मी लुगडं पिळलं, चूल पेटवली आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं. चुलीतली जुनी राख टाकायला चारीच्या कडेला गेले, आणि माझ्या पायाला गार लागलं.

खाली पाहिलं तर चारीच्या बाजूची वाळू काळी पडली होती. चारीत एक पाण्याची जीभ सरकत येत होती. पुढे वाळका पाला, शेळीच्या लेंड्या, धुळीची एक कड, आणि मागून पाणी. आवाज अजिबात नाही. ऊन कडक होतं, आभाळात कापसाएवढाही ढग नव्हता, आणि नदी तिच्या नेहमीच्या बाजूनं न येता माझ्या आणि काठाच्या मधून येत होती.

"मामा! अवो मामा!"

ते लंगडत आले, पाहिलं, आणि त्यांचं तोंड असं उजळलं म्हणता! खाली बसले, ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांना लावलं.

"आली गं बाई माझी! आली! हौसा, हळद-कुंकू आन."

"मामा, आपण वर जाऊ या. काठावर जाऊ."

"आगं पाणी आलंय! पाण्यापासनं पळत्यात व्हय कुणी? एवढं दीस कुणाची वाट बघत हुतो?"

मी खोपीत गेले ती हळद-कुंकवाला म्हणून, आणि बाहेर आले ती झोळीतली पोर खांद्यावर घेऊन. ते पाहून मामांना पुन्हा हसू आलं.

"पोरीला कशाला उचललीस? निजू दे की."

त्यांचं हसणं इतकं मोकळं होतं की माझी मलाच लाज वाटली. मी सारिकाला परत झोळीत ठेवली, चिमूटभर हळद-कुंकू पाण्यात सोडलं आणि हात जोडले.

चारीच्या वरच्या तोंडाला वाळू भरलेली पोती रचून बांध घातला होता. पोत्यांच्या फटीतून येत होतं तेवढंच ते पाणी. मामा खोरं घेऊन तिकडे गेले. एक पोतं काढलं, दुसरं काढलं. चारीत घोटाभर पाणी आलं आणि फाट्यांतून वेलांच्या आळ्यांत शिरू लागलं. तहानलेली वाळू चर्र चर्र आवाज करत होती. मामा एकेका आळ्याशी वाकून "पी, पी बाबा" म्हणत होते, लेकरांना पाजावं तसे. मग त्यांना वाटलं, आलंय तसं निघून जाईल, आहे तोवर भरून घ्यावं. ते मागे गेले आणि त्यांनी राहिलेली पोतीही ओढून बाजूला टाकली.

त्यानंतर जे झालं ते फार भराभर झालं. वरून पाण्याचा मोठा लोंढा वगैरे काही आला नाही. नुसतं पाणी वाढत गेलं. चारी आता पात्रातली सगळ्यांत खोल जागा होती आणि तिचं तोंड सताड उघडं. नदीनं तीच आपली वाट धरली. कडेची वाळू फतकन ढासळायची, चारी रुंद व्हायची, मग दुसऱ्या बाजूची ढासळायची. मामांनी ते पाहिलं. पोती परत रचायला ते आत उतरले आणि मला ओरडून म्हणाले, "फळीवरनं पल्याड हो! पोरीला घेऊन पल्याड हो!"

मी खोपीकडे वळले आणि मागून त्यांची हाक थांबली. मान वळवून पाहिलं तर कडा त्यांच्या अंगावर कोसळला होता. ताठ पाय पोत्याखाली अडकला होता, आणि ते हातांच्या जोरावर तोंड कसंबसं पाण्याबाहेर धरून होते.

पोर खोपीत होती आणि खोप अजून कोरडी होती. मी मामांकडे धावले. पाण्यात मी कशी उतरले ते मला आजही सांगता येत नाही. मांड्यांपर्यंत पाणी होतं, गार, इतकं गार की चैत्रातल्या उन्हात हाडं ठणकायला लागली. मी पोतं ओढलं, त्यांना काखेत धरून ओढलं, आणि आम्ही दोघं वाळूवर येऊन पडलो. उठून बघते तर फळी गेलेली. जिथे फळी होती तिथे आता आमच्या गावच्या रस्त्याएवढा प्रवाह होता.

दुसरीकडे डोहही फुगत आला होता. दोन्ही बाजूंना पाणी आणि मध्ये आमचा उंचवटा. मी घशाच्या शिरा ताणून ओरडले. काठावर चिटपाखरू नव्हतं. गावातून सनई-ताशाचा आवाज मात्र स्पष्ट येत होता. अक्षता पडायची वेळ झाली असावी.

"थांबंल आता," मामा म्हणाले. त्यांनी एक काडी पाण्याच्या कडेला खोवली. "हितनं फुडं न्हाई यायचं. थांबंल."

काडी पाण्यात गेली. त्यांनी ती उपटून अलीकडे खोवली. तीही गेली. मग पुन्हा. खालच्या आळ्यांतले वेल पाण्याखाली गेले आणि देठ तुटून कलिंगडं एकेक करून वर आली, हिरवी, गोल, टपोरी, आणि हेलकावे खात एकामागून एक निघून चालली. त्यांच्याकडे बघत मामा काडी खोवायचे थांबले.

ते पाण्यात हात बुडवून बसून राहिले. मग हळू आवाजात, जणू कुणी ऐकेल म्हणून, म्हणाले, "पावसाचं पाणी सांगून येतंय गं. वास येतुया, गढूळ येतंय, आवाज करत येतंय. हे बघ कसं आरशावानी हाय. आन् गार. ह्याला... ह्याला आपली वळखच न्हाई."

त्यांचे हात थरथरत होते. मला पाण्याची भीती होतीच, ती काही नवी नव्हती. पण मी त्या हातांकडे पाहिलं. ज्या माणसाच्या हसण्यावर विश्वास ठेवून मी पोर झोळीत परत ठेवली होती, तो माणूस माझ्याइतकाच घाबरलेला होता. आता विचारायचं कुणाला? खोपीत सारिका जागी होऊन रडायला लागली.

तिच्या रडण्यानं मामा भानावर आले. खोपीच्या मेढीला टांगलेली सांगड त्यांनी काढली, गाठी दातांनी ओढून पाहिल्या. मग डोक्याचा पटका सोडला. पोरीला माझ्या पाठीवर, मानेच्या अगदी खाली, पटक्यानं करकचून बांधली. तिचं डोकं माझ्या कानाशी येत होतं. सांगडीला एक लांब दोर बांधून त्याचं टोक त्यांनी स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं.

"मामा, मला न्हाई जमायचं. म्या बुडंन, पोरीला बुडवंन."

"सकाळी काय सांगितलं हुतं?"

मी नुसती रडत होते.

"सकाळी काय सांगितलं, ते बोल!"

"पाण्याशी भांडू नगं."

"मग?"

"नेतंय तिकडं जायाचं. पाय मारत कडंला सरकायचं."

"झालं तर. म्या मागनं येतोच हाय. तुझ्यावानी किती माणसं पार केल्याती म्या ह्या नदीतनं. मागं वळून बघायचं न्हाई."

खोपीच्या कुडाला पाणी लागलं तेव्हा आम्ही उतरलो.

पाण्यानं मला उचललं. पायाखाली काही नाही, ही गोष्ट अंगाला कळते तेव्हा पोटातून जो आवाज निघतो तो मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, आणि तो माझाच होता. काठ समोर दिसत होता आणि बाजूला सरकत होता. मी सांगडीला मिठी मारली आणि पाय मारत राहिले. सारिका माझ्या कानात किंचाळत होती. ती रडतेय म्हणजे जिवंत आहे, एवढं एकच मला समजत होतं. रड बाई, रड, असं मी मनात म्हणत होते. मागून दोर ताणलेला होता. मामांचं वजन त्या दोरावर होतं, पोत्याखाली सापडलेला ताठ पाय त्या प्रवाहात कामाचा नव्हता. मध्यावर आलो तेव्हा ओढ वाढली, आणि भोपळे खाली जाऊ लागले. पाणी माझ्या हनुवटीला लागलं. मग ओठांना. मग सारिकाचं रडणं एकदम बंद झालं.

"हौसा! पोरीला वर धर! वर धर तिला!"

मामांचा तो आवाज मी ऐकला. आणि पुढच्याच क्षणाला सांगड हलकी झाली. छातीखालून भोपळे वर उसळले, माझं तोंड पाण्याबाहेर आलं. दोर माझ्या मागे सैल तरंगत होता. तो तुटला नव्हता. त्याला काही झालं नव्हतं. मनगटाला गुंडाळलेला दोर आपोआप सुटत नाही, हे मलाही कळत होतं.

मी मागे पाहिलं नाही. त्यांनीच बजावलं होतं. मी पाय मारत राहिले आणि कधीतरी माझ्या तोंडावर बाभळीची फांदी आपटली. काट्यांसकट ती मी दोन्ही मुठींत धरली. गुडघे चिखलात रुतले. रांगत वर आले, पटका सोडला, पोर पुढे घेतली. तिचे ओठ निळे पडले होते, डोळे मिटलेले. मी तिला पालथी धरली, पाठीवर थोपटलं, काय काय केलं ते देवाला ठाऊक. शेवटी ती शिंकली. आधी शिंकली आणि मग अशी रडली की मीही तिच्याबरोबर भोकाड पसरलं.

मग मी नदीकडे पाहिलं. खोप नव्हती. उंचवटा नव्हता. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत स्वच्छ, निळं, चकाकणारं पाणी होतं, कुणाही वाटसरूनं थांबून बघावं असं. खाली वळणापाशी कलिंगडांचा एक पुंजका वाहत चालला होता, आणि त्यांच्यात एक उघडं डोकं.

मामा वाचले ते कलिंगडांमुळे. लग्नाची भांडी घासायला खालच्या घाटावर गेलेल्या बायकांना नदीतून कलिंगडं येताना दिसली. आधी त्या हसल्या म्हणे, एकदोघींनी पदर खोचून ती धरलीही. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की ही गेनबाच्या वाडीतली. वाजंत्री थांबली. पोरांनी उड्या टाकल्या आणि बंधाऱ्याच्या अलीकडे मामांना बाहेर काढलं. मांडवात आणून निजवलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"पोर?"

"हाय, मामा." मी तिला त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी तिच्याकडे बोट पुढे केलं, पण लावलं नाही. तोंड दुसरीकडे फिरवून पडून राहिले.

त्या दिवसाबद्दल ते नंतर कधीही बोलले नाहीत. मला कुणी वाळली सून म्हटलं की उठून जायचे. पात्रात ते पुन्हा उतरले नाहीत. पुढे वाड्याही बंद पडल्या, वाळू राहिलीच नव्हती तर वेल लावायचे कुठे? मालकांना खालच्या शहरात गिरणीत काम मिळालं आणि आम्ही सगळे तिकडे राहायला गेलो. ज्या शहरासाठी ते पाणी सोडलं होतं तेच हे शहर. दोन खोल्या, मोरी, मोरीत नळ. नळाला पाणी येणार असलं की आधी नुसती हवा येते. नळ खाकरतो, फुसफुसतो, गुरगुरतो, आणि मग पाणी. शहरातली माणसं त्या आवाजानं खूश होतात, हंडे-कळश्या घेऊन धावतात.

पहिल्यांदा तो आवाज झाला तेव्हा मामा जेवत होते. ताटावरून उभे राहिले.

"पोरीला उचल."

"मामा, नळ हाय त्यो."

"हौसा, पोरीला उचल!"

सारिका तेव्हा तिच्या बापाच्या गावी, शाळेत जाणारी. घरात लहान मूल नव्हतं. पण त्यांचे हात थरथरत होते, तसेच, वाळूवर थरथरले होते तसे. मी म्हणाले, "उचलली, मामा." तेव्हा ते खाली बसले. त्यानंतर जेव्हा जेव्हा पाणी आलं तेव्हा तेव्हा त्यांनी ते म्हटलं आणि मी तेच उत्तर दिलं. शेजारणींना गंमत वाटायची. मालक आधी चिडले, नंतर त्यांनीही कान झाकून घेतले. पार आंधळे होऊन अंथरुणाला खिळले तरी नळ खाकरला की मामांचा हात गोधडीबाहेर यायचा.

त्यांचा तेरावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. पाहुणे पांगले होते. सारिका तेवढी राहिली होती, तिच्या तान्ह्या मुलीला घेऊन. पोर खालीच, चटईवर दुपट्यात झोपली होती. सारिका तिच्याशेजारी लसूण सोलत होती, मी तांदूळ निवडत होते. सारिकाला त्या दिवसाचं कुणीच काही सांगितलं नव्हतं. आजोबांनी सांगितलं नाही, मग आम्ही कोण सांगणार?

मोरीत नळ खाकरला.

आम्ही दोघींनीही नकळत कोपऱ्यातल्या रिकाम्या अंथरुणाकडे पाहिलं. तिथून काही आवाज आला नाही. नळ फुसफुसला, गुरगुरला. तांदळाचं ताट माझ्या मांडीवरून कधी कलंडलं मला कळलं नाही. मी उठले होते आणि चटईवरची पोर माझ्या खांद्यावर होती.

सारिका हसली. अगदी त्यांच्यासारखं, मोकळं.

"मामी, पोरीला कशाला उचललीस गं? निजू दे की."

मोरीत पाण्याची धार लागली, हंडा भरला, काठावरून वाहायला लागला. सारिका उठून नळ बंद करून आली. तोवर मी भिंतीला पाठ लावून उभी होते, आणि त्यानंतरही किती तरी वेळ मी पोरीला खाली ठेवलं नाही.